शेवटचा पीळ

गॅरेजमध्ये सायलेन्सरचे काम चाललेले असताना 'कट्' असा एक बारीक आवाज येतो आणि सगळे एकदम गप्प होतात. पाना धरलेला मिस्त्री पान्याकडे बघतो, गाडीचा मालक मिस्त्रीकडे बघतो, आणि पलीकडे पंक्चर काढून घ्यायला थांबलेला गृहस्थ, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसतो, तो पुढे येऊन वाकून पाहतो आणि जाहीर करतो, "तुटला!" मग निकाल लागायला वेळ लागत नाही. आधी रॉकेल सोडायला हवे होते, हिसका द्यायला नको होता, अमक्या मिस्त्रीच्या हातून असे कधी झाले नसते. स्टड तुटला त्या क्षणी ज्याच्या हातात पाना होता, तो गुन्हेगार. पुराव्याची एवढी स्वस्ताई दुसऱ्या कुठल्याही न्यायालयात नसेल. माझे म्हणणे असे की या खटल्यात दरवेळी चुकीचा माणूस पकडला जातो. स्टड तुटतो काढताना हे खरे, पण त्याचे मरण ठरलेले असते बसवताना. पाच-सात वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच गॅरेजात, नट पुरेसा आवळून झाल्यावर त्याला आणखी एक शेवटचा पीळ दिला आणि समाधानाने हात पुसले. आजचा मिस्त्री फक्त पंचनाम्याला हजर असतो.

स्टड हा प्राणी सगळ्यांच्या परिचयाचा नसतो, कारण तो दिसतो कमी आणि बिलात येतो जास्त. बोल्टाला डोके असते, स्टडला ते नसते. दोन्ही टोकांना आटे आणि मधे थोडी कोरी दांडी, एवढाच त्याचा संसार. एक टोक इंजिनाच्या हेडमध्ये जाते. दुसऱ्या टोकावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून एका नळीत सोडणारा ओतीव लोखंडाचा फाटेदार पाइप, चढतो आणि त्यावर नट बसतो. स्टड हा थोडक्यात घरजावई असतो. त्याचे एक टोक कायमचे सासरी रुतलेले असते आणि येणाजाणाऱ्यांशी संबंध ठेवायचा तो दुसऱ्या टोकाने. ही योजना कोणा शहाण्याने मुद्दाम केलेली आहे. साधा बोल्ट वापरला तर मॅनिफोल्ड दरवेळी काढता-घालताना हेडमधले आटे झिजतात, आणि हेड ही इंजिनातल्या महाग वस्तूंपैकी एक. स्टड असला म्हणजे झीज होते ती नटाची, आणि नट चार आण्यांचा. (चार आणे बंद झाले, पण नटाची किंमत सांगायला मराठीत अजून तेच चलन चालते.) शिवाय गॅस्केट, म्हणजे जोडातून धूर निसटू नये म्हणून मधे घालायचा पातळ थर, स्टडवर अडकवून ठेवता येते आणि जड मॅनिफोल्ड हातात धरून एकाच वेळी चार भोके जुळवण्याची सर्कस वाचते. तेव्हा स्टड ही हेडला वाचवण्यासाठी पुढे केलेली स्वस्त वस्तू आहे. पुढचा सगळा घोटाळा होतो तो या स्वस्त वस्तूला आपण महाग वस्तूसारखे आवळतो म्हणून.

तिची नेमणूकही गाडीतल्या सगळ्यात वाईट जागी झालेली असते. जोरात पळणाऱ्या पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो. त्यात पाण्याचा उपद्रव. आपण पाण्याला घाबरतो ते पावसाळ्यात, सखल रस्त्यावर पाणी साचले की. पण गाडी स्वतःच पाणी तयार करते, याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटरच पाणी वाफ होऊन बाहेर पडते. बाजारापुरती, शाळेपुरती फिरणारी गाडी ही वाफ पुरती बाहेर टाकण्याइतकी तापतच नाही, मग ती सायलेन्सरच्या पाइपात पाणी होऊन राहते आणि मागच्या जोडांचे नट आतून सडवते. पुढच्या जोडांची काळजी बाहेरची हवा घेते. कोकणात आणि मुंबईत ती खारी असते, म्हणजे जे काम देशावर दहा वर्षांत होते ते तिथे निम्म्या वेळात उरकते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि नटाच्या व स्टडच्या आट्यांमधली फट तर मिलिमीटरचाही बारीकसा अंश. तेवढ्या जागेत हा पाहुणा शिरला की तो बाहेर कसा यायचा?

पण गंजावर सगळे ढकलून मोकळे होणे बरोबर नाही, कारण गंजाला आवळायला कोणी सांगितलेले नसते. खरा पुरावा दुसरीकडे आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड अर्धा मीटर लांब धरला आणि तो ६०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. हेडच्या पोटात मात्र पाणी फिरत असते, त्यामुळे ते १०० अंशांच्या आसपास थांबते आणि अॅल्युमिनिअमचे असले तरी एखाद्या मिलिमीटरच्या आतच वाढते. म्हणजे प्रत्येक फेरीत मॅनिफोल्ड हेडवरून बाहेरच्या दिशेने सरकतो आणि गाडी थंड झाली की परत येतो. हे माहीत असल्यामुळेच गाडी बनवणारे मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवतात. नटाने गॅस्केट दाबून धरायचे, पण मॅनिफोल्डला सरकायला बंदी करायची नाही, असा हा करार आहे. आता कोणीतरी पाइप लावून नट आवळतो आणि करार मोडतो. सरकायचे तर मॅनिफोल्डला आहेच, भौतिकशास्त्राला पान्याचा धाक नसतो. मग तो स्टडला बरोबर घेऊन सरकतो. मधले स्टड फारसे वाकत नाहीत, कारण मध्यावर सरकणे कमी असते. टोकाचे दोन्ही बाजूंनी रोज वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. म्हणूनच मॅनिफोल्डचे स्टड आपणहून तुटतात तेव्हा बहुतेक वेळा टोकाचे तुटतात. दोष नुसत्या गंजाचा असता तर त्याने मधल्यांनाही तेवढ्याच प्रेमाने खाल्ले असते.

आता आवळणे म्हणजे किती, हेही आकड्यांतच पाहू. छोट्या गाड्यांत या जागी साधारण ८ मिलिमीटरचा स्टड असतो आणि कंपन्यांची पुस्तके त्याच्या नटाला २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ सांगतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की एवढा पीळ मिळतो. १० किलो म्हणजे काही मर्दुमकी नव्हे. दळणाचा डबा उचलणाऱ्या कोणालाही ते जमेल. मराठी मनाला नेमके हेच खटकते. ज्या कामाला दात-ओठ खावे लागले नाहीत, ते काम झाले असे आपल्याला वाटतच नाही. म्हणून पान्यावर पाइप चढतो. लांबी ६० सेंटिमीटर झाली की त्याच १० किलोंचे ६० न्यूटन-मीटर होतात, आणि पाइप चढवणारा माणूस १० किलोंवर कधी थांबलेला नाही. वास्तविक आवळलेला नट धरून राहतो तो स्टड किंचित ताणला गेल्यामुळे. स्टड स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने जोड दाबून राहतो. आपण लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणण्यात जातो, बाकीचे नऊ हिस्से नटाच्या बुडाखाली आणि आट्यांत घासण्यात संपतात. म्हणजे घाम येतो घर्षणासाठी. मर्यादेपलीकडे ओढला की स्टडची परत आखडण्याची ताकदच जाते, आणि त्या क्षणी हाताला नट थोडा मऊ लागतो. इथे शहाण्याने थांबून नवा स्टड मागवावा. पण आवळणाऱ्याला वाटते, अजून बसतोय! आणि तो आणखी पाव फेरा देतो. बळी तो कान पिळी ही म्हण ज्याने केली त्याने एकदा तरी नट आवळला असावा.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो. सैल ठेवला आणि रस्त्यात नट पडला तर? आपले रस्ते, आपले खड्डे, आपले गतिरोधक! आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक चोरवाट आहे. तो गृहीत धरतो की घट्टच्या विरुद्ध सैल. सांगितलेल्या मापाने आवळलेला नट सैल नसतो. तो जेवढा असायला हवा तेवढाच असतो, फक्त ते पाहून कोणाची छाती फुगत नाही. थरथरीने नट सुटू नये म्हणून उपाय वेगळे आहेत. किंचित चेपलेल्या तोंडाचे, तांब्याचा मुलामा दिलेले नट मिळतात. ते आट्यांना धरून बसतात आणि सहसा लोखंडाला लोखंडासारखे चिकटत नाहीत. जुन्या गाड्यांवर पितळेचे लांबट नट असत. पितळ गंजून जाम होत नाही, तापले की लोखंडापेक्षा जास्त पसरते, आणि वेळ आलीच तर आपले आटे देऊन स्टडचे वाचवते. पितळेचा नट दिसला की "हा पिवळा मऊ आहे, लोखंडाचा टाका," म्हणणारे हितचिंतक प्रत्येक तालुक्यात आहेत. तेच पुढे आणखी एक पायरी चढून विचारतात, मग स्टेनलेसचेच का नको, गंजच नाही! स्टेनलेस गंजत नाही हे बरोबर, पण स्टेनलेसवर स्टेनलेस आवळले की ते आपसातच खरचटून चिकटते, आणि गंजलेल्या नटाला निदान उष्णतेची भीती असते, या चिकटलेल्या जोडीला कशाचीच नसते. वापरायचेच तर आट्यांना वंगण हवे.

वंगणाचा विषय निघाला की आक्षेप घेणारा खुर्ची पुढे ओढतो. एवढ्या आगीत ग्रीस टिकणार कुठून? साधे ग्रीस टिकत नाहीच. पण तांब्याच्या भुकटीचे जे ग्रीस मिळते त्यातले तेल जळून गेले तरी तांबे आट्यांमधे पडून राहते आणि नटाला स्टडशी सोयरीक करू देत नाही. ते लावले म्हणजे घर्षण कमी होते, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला पीळ जसाच्या तसा दिला तर स्टड जास्त ताणला जातो. तेव्हा हात थोडा आखडता घ्यायचा. आणि स्टड स्वतः हेडमध्ये बसवताना तर जोराचा प्रश्नच येत नाही. भोकातले आटे टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवून साफ करायचे, स्टड हाताने फिरवत न्यायचा, आणि पुस्तकाने आकडा दिला असेल तर तेवढाच पीळ द्यायचा. बंद भोकाच्या तळाला टेकवून आवळणारे लोक हेडला तडा पाडून दाखवतात. काही इंजिनांत ही भोके थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावावे लागते. ते न लावता बसवलेला स्टड मूळचा रडवेला असतो आणि पुढे कधी काढला तर मिस्त्रीला अंघोळ घालतो.

हे सगळे बसवताना झाले नाही, की मग काढण्याचा सोहळा. त्यात पहिला मान निळ्या-पिवळ्या डब्याला, डब्ल्यूडी-फॉर्टीला. हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला एका रॉकेट-रसायनांच्या छोट्या कंपनीत तयार झाले. नावातला फॉर्टी म्हणजे चाळिसावा प्रयत्न, आणि डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारे. अॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते वापरले गेले. म्हणजे गंज येऊ नये म्हणून केलेली वस्तू आपण गंज येऊन दहा वर्षे झाल्यावर फवारतो, आणि दोन मिनिटांत नट सुटला नाही की डब्यावर बनावट असल्याचा आरोप करतो. तेलाला आट्यांत मुरायला रात्र लागते. खरा उपाय उष्णता. गॅसच्या ज्योतीने नट लाल केला की तो पसरतो, आतला गंज तडकतो, आणि बऱ्याचदा साध्या पान्याने फिरतो. त्यातही एक जुनी युक्ती आहे: तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून केसाएवढ्या फटीतही ओढले जाते आणि तेलाला जे जमले नाही ते देवघरातली मेणबत्ती करून जाते. अॅल्युमिनिअमच्या हेडजवळ मात्र ज्योत जपून. लोखंड लाल होऊन इशारा देते, अॅल्युमिनिअम रंग न बदलता ६६० अंशांच्या आसपास सरळ वितळते. घाईच्या माणसाला एवढी शिक्षा पुरे. आणि इतके करूनही काही स्टड हलत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे ज्याला प्रत्यक्ष पाहायचे असेल त्याने लाल झालेला स्टड पाहावा.

नट सुटून स्टड काढायचा असेल तर त्याच्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवतात आणि आतला नट उलटा फिरवतात. बसवताना बाहेरचा सुलटा. ही द्वि-नट पद्धत इतकी साधी आहे की ती सोडून पहिल्यांदा पकड लावून आटे चिरडण्याचा मोह बहुतेकांना होतोच. स्टड वर थोडा उरून तुटला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. पकड मिळते आणि वेल्डिंगची उष्णता आपोआप आट्यांपर्यंत जाते, ही त्यातली खरी गंमत. अगदी आत तुटला की मग ड्रिल, आणि ड्रिल बरोबर मध्यभागी लागणे हा नशिबाचा भाग. उलट्या पिळाचे ड्रिल असेल तर कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो, आणि मिस्त्री ते जणू ठरवूनच केल्यासारखा चेहरा करतो. नाहीतर ईझी-आउट. नावावर जाऊ नका. हे निमुळते, उलट्या पिळाचे हत्यार भोकात ठोकून फिरवायचे असते, आणि जो स्टड जाड असताना हलला नाही तो त्याहून बारीक हत्याराने हलावा अशी त्यामागची श्रद्धा. ते तुटले की आत जे उरते ते साध्या ड्रिलला दाद न देणारे कडक पोलाद. मग हेड उतरवून ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्राकडे न्यायचे. सोव्हिएत संघात लाझारेंको दांपत्याने १९४३ च्या सुमारास हे तंत्र मांडले, आणि त्याच काळात अमेरिकेतही ते पुढे आले ते तुटलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठीच. जगात महायुद्ध पेटलेले असताना अमेरिकेतले तंत्रज्ञ अडकलेल्या तुकड्यांवर विचार करत होते, यावरून हा प्रश्न किती जुना आहे ते दिसते. हेडमधले आटे गेलेच तर तारेच्या वेटोळ्याचे हेलिकॉइल बसवून नवे आटे मिळतात, पण तोपर्यंत घरजावयाच्या पायी सासरचे घर गहाण पडलेले असते.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि तो गॅरेजवाल्याचा आहे. हे सगळे पुस्तकात ठीक, साहेब, पण गिऱ्हाईक समोर उभे असते. नवे नट, ग्रीस, आटे साफ करणे याचे पैसे मागितले तर ते म्हणते, "जुनेच बसवा ना, चांगले तर आहेत." रात्रभर तेल मुरू द्यायचे म्हटले तर संध्याकाळी पुण्याला जायचे असते. आणि टॉर्क रेंच लावून हलक्या हाताने नट आवळला तर गिऱ्हाइकाला शंका येते की काम मन लावून केले नाही. पाइप लावून, कण्हत कण्हत आवळले की समाधान. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आरोपी म्हणून मी मघाशी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे बोट दाखवले, पण त्याच्या पाठीमागे "घट्ट बसवा हं!" म्हणत कोण उभे होते, हे विचारायचे राहिले होते. ज्याला तो शेवटचा पीळ हवा असतो तो गाडीचा मालक. मिस्त्री फक्त फर्माईश पुरी करतो. त्याचा हिशेबही चुकीचा नाही, कारण स्टड तुटेल तेव्हा गाडी दुसऱ्याच्या दारात असते.

फुटलेल्या जोडाची वर्दी द्यायला गाडी विसरत नाही. सकाळी थंड इंजिनातून टिक-टिक येते आणि चार किलोमीटर गेले की बंद होते, कारण तापून पसरलेला मॅनिफोल्ड फट झाकतो. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर गाडी गरम झालेली, आवाज गेलेला, आणि मिस्त्री टिक-टिक टॅपेटची समजून त्याचे बिल करतो. तोवर तिथूनच बाहेरची हवा आत शिरून ऑक्सिजन सेन्सरला चकवते, संगणक पेट्रोल वाढवतो, आणि निसटणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरण्याची वाट मोकळी होते. तेव्हा टिक-टिक ऐकू आली तर गाडी आदल्या रात्री नेऊन ठेवा आणि सकाळी थंड असताना मिस्त्रीला सुरू करायला सांगा. नवे नट आणि तांब्याचे ग्रीस यांचे पैसे न कुरकुरता द्या. आणि तो नट आवळायला लागला की चहा प्यायला कोपऱ्यावर जा, म्हणजे तुमच्यासाठी त्याला कण्हावे लागणार नाही.